महाराजांच्या पानातला भिंग

महाराजांच्या घशात काटा अडकला! आणि तोही कुठे? बंदरावरच्या आवडाबाईच्या खानावळीत, भर दुपारी, सगळे पाट गिऱ्हाइकांनी भरलेले असताना!

चूक महाराजांचीच. राजवाड्यातल्या सपक जेवणाला कंटाळून ते दिवाणांना घेऊन इथे आले आणि पहिल्या घासापासून जे बोलत सुटले, ते थांबायचं नावच नाही. शेजारचा राजा कसा बावळट, आपण लहानपणी कसे हुशार, बंदराचा धक्का कसा बांधावा... तोंडात मासा आणि तोंडातच कारभार! काट्यानं तरी काय करायचं? बसला अडकून. कोरड्या भाताचे गोळे गिळता गिळता महाराजांचे डोळे पांढरे झाले. काटा उतरला खरा, पण तेवढ्यात समोरच्या पाटावरचा एक खलाशी फिसकन हसला.

"ही खानावळ बंद!" महाराज कडाडले.

"अहो महाराज, माशाला काटा असायचाच की!" आवडाबाई म्हणाली.

"उलट बोलतेस? बरं, एक संधी देतो. उद्या भिंग रांध!"

पंगतीतल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. भिंग म्हणजे खाडीतला सगळ्यात चवदार मासा, आणि काटे म्हणाल तर केसासारखे, अंगभर!

"डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खा वाढायचा. तुझ्या हातानं एकही काटा काढायचा नाही. आणि मला एकही काटा टोचता कामा नये. टोचला तर दाराला कुलूप!"

"आणि नाही टोचला तर?"

"तर मागशील ते देईन!" महाराज एकदम उदार झाले. द्यावं लागणार नाही याची खात्रीच होती ना!

आवडाबाईनं चुलीकडे पाहिलं. नवरा होडीवरून पडला, तेव्हापासून पाय मोडून घरात पडून होता. घर चालायचं ते याच चुलीवर. कुलूप लागलं तर खायचं काय?

महाराज बाहेर पडले, पण दिवाण त्रिंबकपंत मागे रेंगाळले. "बाई, तू आपली दुसरं गाव बघ," ते हळूच म्हणाले.

"पंत, महाराज रोज असेच बोलतात जेवताना?"

"जेवताना? अगं, झोपेतसुद्धा बोलतात! आमच्या कानांचे हाल आम्हालाच ठाऊक."

"गप्प कधीच बसत नाहीत?"

"बसतात ना. फुकटचं काही हाती लागणार असलं, की अगदी मुके होतात!"

"मग या उद्या," आवडाबाई म्हणाली. "सावकाश जेवायला या."

दुसऱ्या दिवशी महाराज आले. केळीच्या पानावर अख्खा भिंग आला, वर लालभडक कालवण आलं, वाफाळता भात आला. महाराजांनी पहिला घास उचलला आणि बोलायला तोंड उघडलं.

"अगं बाई! माझी नथ!" आवडाबाई किंचाळली.

"काय झालं?"

"टपोऱ्या मोत्यांची हो, आजेसासूची! तुम्ही येणार म्हणून मुद्दाम घातली. मासा साफ करताना नाकात होती, आणि आता नाकात नाही!" असं म्हणत ती पानाकडे वाकली.

"खबरदार!" महाराजांनी दोन्ही हातांनी पान झाकलं. "राजाच्या पानात पडलं ते राजाचं!"

आणि महाराज गप्प झाले! काय सांगू, खानावळीत लाटांचा आवाज ऐकू यायला लागला. महाराजांनी माशाची कातडी उचलून पाहिली. पाकळी न् पाकळी सुटी केली. प्रत्येक घास बोटांनी चाचपला, तोंडात घोळवला, मगच गिळला. बोटाला लागेल तो काटा पानाच्या कडेला ठेवत गेले. डोकं सोडलं नाही, शेपटी सोडली नाही. पंतांनी तर स्वतःला चिमटा काढून पाहिला.

शेवटी भिंग संपला.

"नथ कुठंय?" महाराज गरजले. "पानात तर नाही!"

आवडाबाईनं पदराची गाठ सोडली, नथ काढली आणि ऐटीत नाकात घातली. "ही काय! नाकात नाही एवढंच मी म्हणाले. पानात आहे हे तुमचं तुम्ही ठरवलंत! ते राहू दे महाराज, काटा टोचला का?"

महाराजांनी गळा चाचपला. "छे! टोचला नाही खरा. पण हे एवढे काटे इथं ठेवलेत, ते कुणी काढले?"

"मी अख्खा मासा वाढला. एका काट्याला हात लावला असेल तर शपथ! काटे तुम्हीच काढलेत, महाराज, तेही एक शब्द न बोलता!"

महाराजांनी काट्यांच्या ढिगाकडे पाहिलं, नथीकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की मुकुट भातात पडला. "हरलो, बाई! माग काय मागायचं ते!"

"या चुलीला कुणी कधी कुलूप लावू नये. आणि माझ्या नवऱ्याच्या पायाला तुमचे राजवैद्य हवेत."

"दिलं! आजच पाठवतो वैद्यांना!"

आवडाबाईचे डोळे भरून आले. महाराज हात धुवायला उठले, तसे पंत लगबगीनं तिच्याजवळ सरकले आणि हात जोडून कुजबुजले, "आवडाबाई, उद्या काय हरवणार तेवढं ठरवून ठेवा. दरबार मी इथंच भरवतो!"