पंचकोनी दरबार

राजा भैरवसेन पाच परगण्यांचा धनी होता. नव्या दरबाराची फरशीही पंचकोनीच हवी, असा त्याने हट्ट धरला. "प्रत्येक फरशीला पाच कोपरे, पाचही बाजू समान, आणि कुठे फट दिसता कामा नये!"

वृद्ध स्थपती नागदेव म्हणाले, "महाराज, सुसम पंचकोन असे जुळत नाहीत. तीन कोपरे एकत्र आणले की फट उरते, आणि चौथा तिच्यात मावत नाही."

"मला नाही म्हणतोस?" राजाने त्यांना कोठडीत टाकलं.

नागदेवांची लेक कमळजा राजपुत्रांना भूमिती शिकवायची. वडील खरं बोलले होते, हे ती जाणून होती. पण राजाचे शब्द तिने पुन्हा आठवले आणि ती चमकली. तिने ते काम मागून घेतलं.

दरबार उघडला. प्रत्येक फरशी घरासारखी होती, खाली चौरस आणि वर त्रिकोणी छप्पर. छपरांमधल्या खाचांत समोरच्या ओळीची उलटी छपरं नेमकी बसली होती. राजाने सांध्यात सुरीचं पातं घालून पाहिलं, ते शिरेना. दोरीने बाजू मोजल्या, पाचही समान!

"पण कोन कुठे सारखे आहेत?" तो गरजला.

"हुकमात कोन नव्हते, महाराज," कमळजा म्हणाली. " आता घाला हवं तर. मग फटी पडतील त्या मात्र हुकमाच्या, स्थपतीच्या नव्हेत."

राजाची नजर भिंतीपर्यंत अखंड पसरलेल्या नक्षीवरून फिरत राहिली. त्याने जोडे काढले आणि अनवाणी पायांनी हळूच फरशीवर पाऊल टाकलं.

"नागदेवांना सन्मानाने घेऊन या," तो पुटपुटला. "त्यांनी हे पाहायलाच हवं."