भोपळ्या आणि लाँचवरची शेव

खाडीत पहिली लाँच सुरू झाली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. उत्तरेकडून दरवर्षी येणाऱ्या कुरव पक्ष्यांसाठी लाँचमधले लोक शेव उधळू लागले. एका कुरवाने तर मासे पकडणंच सोडलं. तो इतका फुगला, की थवा त्याला भोपळ्या म्हणू लागला.

माघात परतीचा सराव सुरू झाला. भोपळ्या दीपगृहापर्यंतही पोचला नाही. धापा टाकत खडकावर आदळला.

"मला सोडून जाल, मावशी?" त्याने थव्याच्या म्हाताऱ्या म्होरकीला विचारलं.

"जावंच लागेल. आणि पावसाळ्यात खाडी खवळली, की लाँच बंद होईल, तेव्हा तुला कोण भरवणार? महिना आहे हाताशी. आजपासून फक्त मासा खायचा. अख्खा, आणि तोही स्वतः पकडलेला."

पहिले तीन दिवस त्याची एकेक झेप फुकट गेली. लाँचवरून शेवेचा वास यायचा आणि पोटात कावळे कोकलायचे. चौथ्या दिवशी चोचीत एक बोय मासा सापडला. मग रोजच मासळी मिळू लागली, पोट उतरलं, पंख हलके झाले.

निघायच्या दिवशी थवा उडाला, तेव्हा खालून लाँच चालली होती.

"अगं बाई, किती वाळलाय हा!" एक बाई कळवळली आणि तिने मूठभर शेव वर फेकली. ती थेट भोपळ्याच्या तोंडासमोर आली. त्याची चोच उघडली. पुढे उडणाऱ्या मावशीने मागे वळून पाहिलं.

"मागे काय बघताय, मावशी? चला!" तो ओरडला. शेव त्याच्या पंखावर आपटून पाण्यात पडली.