गवा टिटवीच्या दारी

फार जुनी गोष्ट आहे. ओढ्याचं पाणी वर चढवायला पठारावरच्या प्राण्यांनी पवनचक्क्या उभारायचं ठरवलं. म्होरक्या गव्याने उंच टेकाड निवडलं. तो खड्डा खणू लागला, तशी टिटवी पंख पसरून आडवी आली.

"अगं, सभेत सगळ्यांनी होकार दिला. तू का नाही बोललीस?" गव्याने विचारलं.

"अंडी सोडून सभेला कशी येऊ, दादा? मला विचारायला इथं कुणी आलं का?"

गवा ओशाळला. तिच्याशेजारी बसून म्हणाला, "चुकलंच. आता सांग."

"इथं वारा नुसता गरगरतो. पलीकडच्या खिंडीत मात्र दिवसभर सरळ वाहतो."

गव्याने खड्डा बुजवला. चक्क्या खिंडीत उभ्या राहिल्या. पाणी वर आलं, तेव्हा पहिला घोट घ्यायला त्याने टिटवीच्या पिल्लांना पुढे केलं.