खाडीतली बुलगी आणि सगळ्यांचे शंख

कैक पिढ्यांमागची गोष्ट सांगते. एका खाडीकाठी कोळ्यांचं गाव होतं. त्या खाडीत बुलगे राहायचे. बुलगा दिसायला माशासारखाच, पण पिलाला दूध पाजणारा, श्वास घ्यायला वर येणारा. काळाभोर, गोल डोक्याचा, पाठ सपाट. ओळखावं अशी खूण एकाच्याही अंगावर नाही.

गावाची एक रीत होती. बुलगा दिसणं शुभ, म्हणून ज्या होडीला तो दिसेल तिनं शंख फुंकायचा. वाडवडिलांनी असंही सांगून ठेवलेलं, की शंख कमी वाजायला लागले तर खाडीच्या तोंडावरची जाळी काढा, बुलग्यांना समुद्रात जाऊयेऊ द्या.

पण शंख काही कमी होईनात. दिवसभर इकडून एक वाजे, तिकडून एक. जाळी तशीच राहिली.

गावातली एक म्हातारी ओहोटीला चिखलात तिसऱ्यांचे शिंपले वेचायची. एकदा तिच्याजवळच एक बुलगी वर आली. पार दमलेली.

म्हणाली, "काकी, मी एकटीच उरले गं. बाकीची जाळ्यात गेली. सकाळी या होडीपुढे, दुपारी त्या होडीपुढे, मीच असते. आपलं कुणी भेटेल म्हणून हिंडते, आणि जेवढी हिंडते तेवढी तुम्हाला पुष्कळ दिसते."

म्हातारी पाटलाकडे गेली. पाटील हसला. शंखांनी माझे कान किटलेत आणि तू म्हणतेस एकच, चिखलात बसून तुझी नजर गेली, म्हणाला. त्या जाळ्यांवर घरं जेवतात, हेही त्यानं ऐकवलं. ते खोटं नव्हतं. म्हातारीलाही ते कळत होतं.

भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती एवढंच बोलली, "पाटीलबाबा, उद्या होड्या खाडीभर लांब लांब उभ्या करा. मी टेकडीवर गवत पेटवते. धूर दिसला की सगळ्यांनी एकदमच पाण्याकडे बघा. ज्याला दिसेल त्यानंच फुंका."

म्हातारीची जिरेल, तेवढीच गंमत, म्हणून लोक तयार झाले.

दुसऱ्या दिवशी धूर निघाला. सगळे ओठाला शंख लावून पाण्याकडे बघत राहिले. लांबच्या वळणावर एक शंख वाजला. धूर विरला, तरी दुसरा वाजला नाही.

कुणी हसलं नाही. जाळ्याचा पहिला खुंट पाटलानं स्वतःच्या हातानं उपटला. खाडीचं तोंड मोकळं झालं, आणि बुलगी ओहोटीबरोबर आपलं कुणी शोधायला समुद्राकडे गेली. ती परत आली नाही.

मासळी कमी मिळू लागली. लोक कुरकुरले. काकी, आता हे उघडं ठेवायचं तरी कुणासाठी, असं पाटीलच विचारायला आला.

म्हातारीनं चिखलातून मान वर केली नाही. म्हणाली, "कोण येईल ते मला ठाऊक नाही. बंद केलं तर कुणीच येणार नाही, एवढं ठाऊक आहे."

पाटील तसाच परत गेला. खाडीचं तोंड उघडंच राहिलं. अजून कुणी आलेलं नाही.

म्हणून लेकरांनो, सारखं दिसतं म्हणून ते पुष्कळ आहे असं धरून चालू नये. आहे तोवरच नीट मोजावं आणि जपावं.