कानवचनानंतर

कानवचन दिल्यावर खोलीत कोणी बोलायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

केतकीने मठात पाऊल ठेवलं त्याच दिवशी तिला हे सांगितलं होतं. माणूस जायला टेकला की महंत त्याच्या उजव्या कानात आदिगुरूंचं वचन सांगतात. ते शेवटचं. मग त्या कानावर दुसरा शब्द पडता कामा नये. जो शब्द शेवटी कानात राहतो त्याच्यामागून जीव जातो, अशी पंथाची धारणा.

आणि काल दुपारी, मठातल्या म्हाताऱ्या सरूआत्यांच्या उशाशी, केतकी बोलली होती.

"पण बाबा, आत्या गेल्या कुठे?"

अचलबाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मठाचे महंत असले तरी रोजची भाजी निवडायचं काम त्यांनी कोणाला दिलं नव्हतं.

"मला काय माहीत," ते म्हणाले.

केतकी बघतच राहिली. तिने रागाची तयारी ठेवली होती. उपदेशाचीही ठेवली होती. या उत्तराची नव्हती.

"तुम्ही महंत आहात."

"आहे."

"सगळ्यांच्या कानात वचन तुम्हीच सांगता."

"सांगतो. वेशीपर्यंत पोचवायला जातो मी. पुढचं गाव पाहिलेलं नाही."

त्यांनी एक शेंग उघडली. आत अळी होती. शेंग त्यांनी अळीसकट अंगणात ठेवून दिली.

कालपासून केतकीने डोळे मिटले की मठाचे नियम सांभाळणाऱ्या गुणाकरअण्णांचा आवाज यायचा. आत्यांची तिरडी उठायच्या आधीच अण्णांनी तिला दाराशी गाठलं होतं आणि अगदी हळू, जवळजवळ मायेने म्हटलं होतं, "पोरी, आता ती अंधारात दोर शोधत बसली असेल. नसलेला दोर."

*

तो दोर एका कादंबरीतला होता.

अमरावतीला कॉलेजात असताना केतकीने ती जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचलली होती. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे लेखक कोण हेही तिला कधी कळलं नाही. कादंबरीतल्या देशात सूर्य उगवायचाच नाही. माणसांना खाऱ्या वाळवंटातून काळोखात पलीकडे जावं लागे, आणि ज्याने त्याने एकट्याने. त्या वाटेच्या तोंडाशी दोरवाले उभे असत. जाणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, दुसरं टोक आपल्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, "दोर माझ्या हातात आहे. तू चाल." बस्स, एवढंच त्यांचं काम. ते कोणाला वाट दाखवत नसत. त्यांनाही वाट ठाऊक नव्हती.

देवावर केतकीची श्रद्धा होती. वर्गात तत्त्वज्ञानाच्या बाई देवाची चिरफाड करत तेव्हाही ती ढळली नाही. पण देव बोलत नाही अशा वेळी माणसाने काय करायचं, हे तिला पोथीत सापडलं नव्हतं. ते त्या फाटक्या कादंबरीत सापडलं. म्हणून मठात आल्यावर रोज पहाटे ती आधी आदिगुरूंचं नामस्मरण करी आणि मग स्वतःचं मनगट धरून ते दोरवाल्यांचं वाक्य म्हणे. दोन्हींत तिला कधी भांडण दिसलं नाही.

अण्णांना दिसलं.

"हे कोणत्या संताचं वचन?" त्यांनी एकदा विचारलं होतं.

"संताचं नाही, कादंबरीतलं आहे."

"वा. उद्या सिनेमाच्या चालीवर आरती म्हणशील."

कमळाक्का खुदकन हसल्या होत्या. मठातल्या बायकांत त्या सगळ्यांत जुन्या. केतकीही तेव्हा हसली होती. येत्या पौर्णिमेला तिची दीक्षा ठरली होती, हसायला काय जात होतं?

*

"बाबा," ओसरीवर केतकी म्हणाली, "आदिगुरूंना तरी कोणी पाहिलंय? पोथी म्हणजे शेवटी कोणीतरी लिहिलेलीच गोष्ट. एक गोष्ट खरी आणि दुसरी खोटी, हे ठरवणारे अण्णा कोण?"

बाबांचे हात थांबले.

"पोथी म्हणजे नुसती गोष्ट, असं तुला वाटतं का?"

"नाही," केतकी म्हणाली.

"मग कशाला आणलंस हे?"

"अण्णांना सांगायला."

"त्यांच्यासाठी आणलंयस तर माझ्यावर कशाला खर्चतेस?"

ती खाली बसली. तिनेही एक शेंग उचलली.

"माझा आदिगुरूंवर विश्वास आहे, बाबा. तीच तर पंचाईत आहे. विश्वास नसता तर मी अण्णांना चार शब्द सुनावून बस पकडली असती. पण शेवटचा शब्द जिवाला नेतो हे जर खरं असेल... तर मी आत्यांना कुठे पाठवलं?"

बाबांनी सोललेले दाणे ताटलीत टाकले.

"त्यांना मी भाकरी कुस्करून दुधात घालून भरवायचे. वेणी घालायचे. घट्ट घातली की मला शिव्या द्यायच्या. आणि त्यांचंच मी..."

आतून झांज वाजली. सभेची वेळ झाली होती.

बाबांनी तुरीचे दाणे ताटलीत सारखे केले आणि उठले. "चल," ते म्हणाले. "जे काय असेल ते तिथे बोल."

*

सभा म्हणजे फार माणसं नव्हेत. आदिगुरूंची पोथी ठेवलेल्या वचनपीठासमोर भिंतीला टेकून मठातली जुनी मंडळी बसली होती. मध्ये गुणाकरअण्णा. बायकांच्या बाजूला कमळाक्का. केतकीला समोर उभं केलं. बाबा नेहमीप्रमाणे खांबाशी बसले.

"काल काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "तरी हिने सांगावं."

केतकीने सांगितलं.

बाबांनी आत्यांच्या कानात वचन दिलं. सगळे भिंतीला टेकून, डोळे मिटून, मनात नाम घेत बसले. आत्या जातील असं वाटलं. पण आत्यांनी डोळे उघडले. त्यांना दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "कोणी आहे का?"

कोणी बोललं नाही.

"मग त्या परत म्हणाल्या, अगं, कोणी आहे का? हात चाचपडत होत्या. कमळाक्कांच्या पदरापर्यंत त्यांचा हात गेला."

कमळाक्कांनी पदर सावरला. कालचा नव्हता तो, तरी सावरला.

"आणि मग म्हणाल्या, एकटीच हाय का मी?"

"आणि तू बोललीस."

"त्यांचं मनगट धरलं. म्हटलं, दोर माझ्या हातात आहे, आत्या. तुम्ही चाला."

"मग?"

"मग त्यांनी काही विचारलं नाही. श्वास संथ झाला. गेल्या."

"पोराला चॉकलेट दाखवलं की तेही गप्प होतं," अण्णा म्हणाले. "दोर होता तुझ्या हातात?"

"नाही."

"म्हणजे खोटं बोललीस."

"तोंड बंद ठेवाले काय झालं होतं तुले?" कमळाक्का मधेच म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका लागला. "आमी नव्हतो बसलो? आमाले नव्हतं का वाटत बोलावं म्हणून? जीव खाऊन बसलो होतो आमी."

"अक्का, बसा," अण्णा म्हणाले. मग केतकीकडे वळून त्यांनी आवाज उतरवला. या माणसाला ओरडता येत नाही याचीच तिला जास्त धास्ती वाटे. "हे बघ, तुला शिक्षा करण्यात कोणाला आनंद नाही. उपाय आहे. पूर्वापार चालत आलेला आहे. ज्याने शब्द दिला, त्याने तो पीठासमोर परत घ्यायचा. आज सूर्य मावळायच्या आत. म्हणायचं, मी खोटं बोलले, दोर नाही आणि धरणाराही कोणी नाही. शब्द सुटला की जीव सुटतो. आत्या वाटेला लागेल. तुझी दीक्षाही होईल."

"आणि नाही घेतला तर?"

"तर आत्या तिथेच राहील. आणि तू इथे राहणार नाहीस."

केतकीला दोनच वाक्यं म्हणायची होती. ती म्हणायला तिला काही लागणार नव्हतं. मठ राहील, दीक्षा होईल, आणि अण्णांचं खरं असेल तर आत्याही सुटतील. नाही म्हटलं आणि अण्णांचं खरं निघालं, तर? एका म्हातारीला कायमचं अंधारात उभं करायचं, कशासाठी? आपल्या हट्टासाठी?

तिने बाबांकडे बघितलं. बाबा खांबाला टेकून छताकडे बघत होते.

"आत्या एकटी नव्हती," अण्णा समजावत होते. "ते तिच्या मनाचे खेळ. अख्खा मठ होता खोलीत. आम्ही सगळे होतो तिच्यासाठी."

तेव्हा बाबांनी डोळे मिटले.

"कोणी आहे का?" ते म्हणाले.

सभेत चुळबूळ झाली. अण्णांनी मान वळवली. बाबांचे डोळे मिटलेलेच होते. हात पुढे झाला होता, रिकाम्या हवेत.

"कोणी आहे का?"

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. हा कसला प्रश्न? उत्तर द्यायचं असतं का याचं? द्यायचं तर आधी कोणी? महंतांपुढे कोण उगाच बोलणार... कमळाक्कांचे ओठ हलले. त्यांनी अण्णांकडे बघितलं. ओठ मिटले.

बाबांचा हात तसाच राहिला.

"आहे, बाबा," केतकी म्हणाली.

बाबांनी डोळे उघडले. हात मांडीवर ठेवला. तिला वाटलं, आता हे बोलतील, अण्णांना गप्प करतील. आपण सुटलो.

"शब्द परत घेतेस?" बाबांनी तिलाच विचारलं.

ती गोंधळली. "तुम्ही सांगा ना. घेऊ?"

"घेतलास तर आत्या सुटेलही. मला माहीत नाही. नाही घेतलास तर अडकेलही. तेही माहीत नाही."

"मग मी कशाच्या आधारावर ठरवू?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत मदत नव्हती. दाराबाहेरचं ऊन पायरीवरून खाली उतरत चाललं होतं. अण्णांनी पीठापुढची समई थोडी पुढे ओढली, तिला उभं राहायला जागा व्हावी म्हणून.

केतकी पीठासमोर गेली. हात जोडले. आदिगुरूंचं नाव घेतलं, मनापासून घेतलं. मग वळली, आणि जुन्या मंडळींकडे तोंड करून उभी राहिली.

"दोर नव्हता," ती म्हणाली. "तो मी पुस्तकातून घेतला, तेवढं कबूल आहे. पुस्तकातला तो देशही नाही आणि ती माणसंही नाहीत."

अण्णांनी मान डोलावली. "पुढे."

"पण आत्यांनी दोर आहे का असं विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं, कोणी आहे का. मी होते."

"केतकी, जेवढं सांगितलंय तेवढंच म्हण."

"धरणारं कोणी नाही, असं मी म्हणू? ते तर खोटं होईल, अण्णा. आणि आत्या जर अजून वाटेत असतील, आणि त्यांना तिथे ऐकू येत असेल, तर मी काय ऐकवू त्यांना? की तेव्हाही कोणी नव्हतं?"

तिचे हात अजून जोडलेलेच होते. ते तिने खाली सोडले.

"मी शब्द परत घेणार नाही. काढायचं तर काढा मठातून. आत्या अडकल्या असतील तर त्यांचं पाप माझ्या माथी. पण परत घेणार नाही."

अण्णांनी पुढे ओढलेली समई परत मागे सरकवली. कमळाक्का आपल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या.

मग बाबा गुडघ्यावर हात रोवून उठले.

"आजारखोलीत भिवाबुवांना सकाळपासून पाणी जात नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी मी वचन द्यायला येईन. तू आत्तापासून त्यांच्याजवळ बस."

"मी? परत?"

"तू."

"मला भीती वाटते, बाबा. तिथेही चुकले तर?"

बाबा दाराशी थांबले.

"वाटू दे," ते म्हणाले. "भीती गेली की जाणाऱ्याचं ऐकू येत नाही."