ओल्या साच्यावरचा तळहात

फार जुन्या काळची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐका, आणि घरात जे कामावर जातात त्यांनाही ऐकवा.

डोंगराळ मुलखात एक राज्य होते. तिथे जायला एकच खिंड होती. हिवाळ्यात खिंडीत इतके धुके दाटायचे की वाटसरूला हातातली काठी दिसत नसे. म्हणून तिथे एक मोठी घंटा टांगलेली होती. तिच्या आवाजाच्या रोखाने लोक दरी चुकवून गावात पोहोचत. एका वर्षी ती घंटा तडकली. राजाने नवी घंटा ओतायला सांगितली.

राजाच्या ओतशाळेत धातू वितळवून घंटा आणि भांडी ओतत. तिथे एक वयस्क ओतारीण होती. सगळे तिला माई म्हणत. घंटेचा साचा तिनेच घडवला. माती, शेण आणि भाताचे तूस मळून तिने थरावर थर दिले, आणि महिनाभर तो मंद आचेवर वाळवला.

ओतशाळेवर नुकताच नवा कारभारी आला होता. तो राणीचा भाऊ. आधी त्याच्याकडे राजाची बाग होती. मुळे किती वाढली हे बघायला तो रोज रोपे उपटायचा. बाग सुकली, तेव्हा त्याला इकडे पाठवले.

ओतायचा दिवस उजाडला. दुपारी राजा स्वतः येणार होता. माई सकाळी आली आणि दारातच थबकली. साच्यावरून पाणी ठिबकत होते.

"महाराजांपुढे शेणाचा गोळा ठेवायचा का?" कारभारी ऐटीत म्हणाला. "मी घागरींनी धुऊन घेतला. बघ, कसा स्वच्छ दिसतोय!"

तो गेल्यावर ओतारी कुजबुजू लागले.

"बागेत मुळं बघितली, आता इथं आंघोळी घालतोय!" एक जण म्हणाला. "ओतू या, माई. फुटू दे साचा महाराजांसमोर. त्याचं तोच निस्तरेल."

"अरे, ओल्या साच्यात वितळलेल्या धातूचा रस पडला की तो उसळतो," माई म्हणाली. "उसळलेला रस कारभारी कोण नि ओतारी कोण, असं विचारत नाही. तुझं तोंड भट्टीशी असतं, त्याचं नाही."

मग ती एकटीच कारभाऱ्याकडे गेली.

"कारभारी, भट्टी तयार आहे. तुम्ही 'ओत' म्हणा, मी ओतते. पण या ओतशाळेची एक रीत आहे. जो 'ओत' म्हणतो, त्याने साच्यावर तळहात टेकून उभं राहायचं."

"ही कसली रीत?"

"माझ्या आजेसासऱ्यापासून चालत आलीय."

कारभाऱ्याने साच्यावर हात टेकला. साचा गार, ओलसर लागला. माईने भट्टीतून पळीभर रस घेतला, कारभाऱ्याला लांब उभे केले आणि अंगणातल्या ओल्या खापरीवर एक थेंब सोडला. फाडकन आवाज झाला. खापरीचे तुकडे भिंतीवर आदळले.

कारभाऱ्याचा चेहरा उतरला. तो हळूच म्हणाला, "माई, मला यातलं काही कळत नाही. पण विचारायचं कुणाला? विचारलं की सगळे हसतात."

"मला विचारत जा," माई म्हणाली. "मी नाही हसणार." मग कारभाऱ्याने स्वतःच ओतणे थांबवायला सांगितले.

दुपारी राजा आला. भट्टी पेटलेली, पण साचा रिकामा. राजाच्या कपाळावर आठी पडली.

"घंटा का ओतली नाही?"

"महाराज, साच्यात ओल आहे. आठ दिवस शेकावा लागेल," माईने सांगितले.

"खिंडीत धुकं उतरू लागलंय! कुणाची चूक ही?"

ओतारी माईकडे बघू लागले. सकाळपासून ते याच क्षणाची वाट बघत होते. माईने एक शब्द बोलायचा अवकाश होता.

माई म्हणाली, "महाराज, कारभाऱ्यांनी साच्याला हात लावला, त्यांना ओल कळली, आणि त्यांनी ओतणं थांबवलं. म्हणून आज ही सगळी माणसं धडधाकट उभी आहेत."

यातले अक्षर न् अक्षर खरे होते. कारभाऱ्याने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते.

"आणि साचा भिजवला तोही मीच, महाराज," तो म्हणाला. "माईनं दाखवलं नसतं, तर मी 'ओत' म्हणालो असतो."

राजाने खिंडीकडे बघितले. मग म्हणाला, "ठीक. घंटा होईपर्यंत खिंडीत उभा राहून तू थाळा बडवायचास. वाटसरूंना आवाज हवा."

कारभारी आठ दिवस पहाटेपासून कुडकुडत थाळा बडवत राहिला. एकही वाटसरू दरीत पडला नाही. नवव्या दिवशी तो सुजलेल्या हातांनी ओतशाळेत आला. त्याने साच्यावर तळहात टेकला. तो कोरडा, उबदार लागला. तरीही त्याने आधी विचारले, "माई, 'ओत' म्हणू का?"

"म्हणा," माई म्हणाली.

घंटा अशी खणखणीत झाली की तिचा आवाज तीन डोंगरांपलीकडे जाई. कारभारी पुढे खूप वर्षे त्या ओतशाळेवर राहिला, आणि विचारल्यावाचून त्याने कधी हुकूम दिला नाही. त्याला हसणारे ओतारीही पुढे आपली चूक झाकायच्या ऐवजी सांगायला शिकले.

तात्पर्य: वरचा माणूस अजाण असेल तर त्याचा हुकूम डोळे मिटून पाळू नये आणि त्याची फजितीही करू नये; वेळेवर, एकांतात, त्याला खरे दाखवावे.