आधी बोलणारी विहीर

"मग सांगा ना बाबा, आता कुठली म्हण सांगू तिला?"

गंगाधर मास्तरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. हायस्कुलात इंग्रजी शिकवणारे हे मास्तर. देशी म्हणा, विलायती म्हणा, म्हणी नुसत्या जिभेवर. बारसं असो की मयत, मास्तर तयार! पण सहा महिन्यांपूर्वी त्यांची सात वर्षांची पोर तापानं गेली, आणि तेव्हापासून बायको बोलेनाशी झाली. मास्तर रोज एक नवी म्हण सांगून तिची समजूत घालत. ती भिंतीकडं तोंड फिरवी.

जलालबाबा फकीर दर्ग्याच्या पायरीवर बसले होते. उठले आणि दर्ग्यामागच्या विहिरीकडं चालू लागले; मास्तर मागोमाग.

भर दुपार. झाडाचं पान हलत नव्हतं.

"काल तिला जे सांगितलंत, ते आत सांगा."

मास्तर वाकले. तोंड उघडणार, तेवढ्यात खालून कुण्या म्हातारीच्या आवाजात तीच म्हण आली... शब्दन् शब्द.

मास्तर झटकन मागं सरले.

"आत कोण आहे हो?"

"पाणी."

मास्तरही हट्टाला पेटले. "थांबा, आता इंग्रजीतली टाकतो. बघू तरी, हिला कुठनं येतंय इंग्रजी!"

त्यांचे ओठ हलायच्या आत विहीर इंग्रजीत बोलली. आवाज त्यांच्या लहानपणच्या हेडमास्तरांचा. ते वारून तीस वर्षं झाली होती. मग तिसरी म्हण, चौथी... सगळे गेलेल्या माणसांचे आवाज. मास्तरांचा स्वतःचा त्यात एकदाही आला नाही.

ते मटकन खाली बसले.

"बाबा, मग मी बोलू काय? माझ्याकडं दुसरं काही नाहीच हो!"

"पोरीचं नाव काय?"

सहा महिने ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. रडू फुटेल म्हणून मास्तरांनीच उच्चारू दिलं नव्हतं.

ते काठाशी सरकले आणि वाट बघत राहिले. या खेपेला विहीर आधी बोलली नाही.

"मैना," मास्तर म्हणाले, आणि त्यांना हुंदका आवरेना. "मैना... घर खायला उठतंय गं तुझ्यावाचून. मला नाही सहन होत."

खालून काहीच आलं नाही. प्रतिध्वनीसुद्धा नाही. फक्त, आत कुणीतरी श्वास रोखून ऐकतंय असं वाटलं...

जलालबाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे विहिरीला ठाऊक नव्हतं, मास्तर. घरी जा."